सहाशे अकरा गणपती

“वरती एवढी मोकळी जागा कशापायी सोडलीया गं?” दस्तगीरमामांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातली पत्रिका घेतली. सुरेख छापली होती. पिवळसर हातकागद, लाल किनार, मधोमध आमची दोघांची नावं. आणि अगदी वर, जिथून पत्रिका सुरू होते तिथं, पेढ्याएवढी कोरी जागा.

“मामा, गणपती कुठाय?”

“तेच तर इचारतोय.”

“किती छापून झाल्या?”

“सगळ्या. सातशे.”

“आणि तुम्हाला पहिल्या पत्रिकेला दिसलं नाही?”

“दिसलं की. पर मला वाटलं नवी फॅशन हाय. तुमचं आजकाल काय सांगता येतंय? मागच्या महिन्यात एकानं पत्रिकेवर कुत्र्याचा फोटू छापून नेला.”

मी मटकन कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. पत्रिका माझ्या लग्नाची होती, छापखाना माझ्या वडलांचा होता, आणि चारच्या ठोक्याला माझे होणारे सासरे ती सातशे पत्रिकांची खोकी न्यायला येणार होते.

आता या गोष्टीला नऊ वर्षं होतील. गडहिंग्लजला आमचं ‘अंबिका ऑफसेट’ होतं. दादा धंदा बघायचे, दस्तगीरमामा मशीन चालवायचे आणि मी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायची. रणधीर चौगुले पहिल्यांदा आला तो त्याच्या बियाण्यांच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड करायला. एका कार्डात सहा वेळा दुरुस्ती सांगायला आला, तेव्हा आईला संशय आला. मला दुसऱ्याच वेळेला आला होता.

रणधीरचं काही टेन्शन नव्हतं. होतं ते त्याच्या वडलांचं. हिंदुराव चौगुले, निवृत्त फौजदार. सगळे त्यांना आबा म्हणत. मिशा अशा, की माणूस न विचारताच गुन्हा कबूल करेल. बोलणं मोजकं आणि गावच्या भैरोबावर फार श्रद्धा. आमच्या लग्नासाठी त्यांनी भैरोबाला कौल लावला होता. म्हणजे देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

“दोनदा डावी पडली,” सुपारी फोडायला आले तेव्हा आबांनी भर बैठकीत सांगितलं होतं. “तिसऱ्यांदा उजवी पडली. म्हणून आलोय. पण मधे काही आडवं आलं, तर मला देवाला परत विचारावं लागेल.”

तेव्हापासून मी महिनाभर मांजर दिसलं तरी त्याला हाकलत होते. आणि आता मी स्वतःच सातशे आडव्या मांजरी छापून बसले होते. लग्नाची पत्रिका आणि तिच्यावर गणपती नाही! याहून वाईट शकुन शोधून सापडला नसता.

“दादा!” मी ओरडले.

दादा डबा अर्धा टाकून आले. पत्रिका बघितली, चष्मा काढला, पुसला, परत बघितली. मग एकदम म्हणाले, “तुझा हमाल!”

हा हमाल म्हणजे मी आठवड्यापूर्वी घेतलेला एआय एजंट. आमच्या बारा वर्षांच्या सगळ्या फायली क्लाउडवर पडलेल्या होत्या, आणि तिथला पसारा बघून मला घेरी यायची. त्याला नुसतं साध्या मराठीत लिहायचं, की तपासून झालेल्या फायली इकडच्या फोल्डरमधून तिकडं ठेव. तो निमूट उचलून ठेवायचा. दादांना समजावताना मी म्हटलं होतं, “हमाल समजा. या खोलीतलं सामान त्या खोलीत.” तेव्हापासून त्याचं नाव हमाल पडलं.

आदल्या दिवशी मी त्याला लिहिलं होतं, ‘सगळ्या फोल्डरमध्ये एकसारख्या फायली पडल्या आहेत. त्यातली एकच ठेव, बाकीच्या जादा फोल्डरमध्ये हलव.’ त्यानं मला एक लांबलचक यादी दाखवून विचारलं होतं, हलवू का? मी तेव्हा रणधीरशी फोनवर बोलत होते. हो म्हणून टाकलं.

आणि इथं आमच्या दादांची रीत आडवी आली. नवी वही उघडली की आधी पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, हा त्यांचा जुना नेम. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा वहीच्या जागी फोल्डर आलं. तेव्हा दादांनी नेम तसाच पुढं नेला. नवं फोल्डर केलं की त्यात सगळ्यांत आधी गणपतीचं चित्र ठेवायचं, मगच कामाला लागायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोल्डर, प्रत्येक फोल्डरात गणपती. तोच एक, सोंड डावीकडं वळलेला, हातात मोदक. पत्रिकेवर छापला जायचा तोही हाच, त्याच फोल्डरातून उचललेला.

मी कॉम्प्युटरवर धावले आणि लिहिलं, ‘आमचे गणपती कुठे आहेत?’

हमाल अतिशय नम्र होता. “आपल्या सूचनेनुसार ६१२ एकसारख्या फायली आढळल्या. सर्वांत जुनी फाइल मूळ जागी ठेवून उरलेल्या ६११ फायली ‘जादा’ फोल्डरमध्ये हलवल्या आहेत. हलवण्यापूर्वी आपली परवानगी घेतली होती. त्या पुन्हा मूळ जागी ठेवू का?”

“सर्वांत जुनी कुठली?” दादांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

मी बघितलं. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा केलेलं फोल्डर होतं ते. नाव होतं ‘गॅसच्या पावत्या’.

“म्हणजे गॅसच्या पावत्यांना गणपती आहे,” दादा सावकाश म्हणाले, “आणि माझ्या पोरीच्या लग्नाला नाही.”

एव्हाना आई मागच्या दारानं आत आली होती. तिला एवढंच ऐकू गेलं होतं, की सहाशे अकरा गणपती एका ठिकाणी आहेत. “एकाच खोलीत?” ती म्हणाली. “अगंबाई, आणि आज त्यांना नैवेद्य?”

मला इथं खरं तर रडू यायला हवं होतं. पण माझं एक वाईट आहे, नको तिथं मला हसू फुटतं. मी पदर नसताना पदर शोधला आणि शेवटी तोंडात पत्रिकाच कोंबली.

“हसतेस काय?” दादा ओरडले. “वाचता येत नाही तुला? विचारत होता ना तो?”

“आणि तुम्ही? छापायला सोडताना कॉम्प्युटरनं सांगितलं असणार की, चित्र सापडत नाही म्हणून.”

दादा परत चष्मा पुसायला लागले. कॉम्प्युटरवर कसलाही निरोप आला की दादा ओके दाबतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या घरात कुणी काही वाचत नाही आणि धंदा छपाईचा.

मी हमालाला ‘परत ठेव’ म्हटलं. पाच-दहा सेकंदांत सहाशे अकरा गणपती आपापल्या घरी गेले. “सर्व फायली मूळ जागी ठेवल्या आहेत,” त्यानं कळवलं. मला इतका आनंद झाला, की मी त्याला धन्यवाद लिहिलं.

“चला मामा,” मी म्हटलं, “नुसता गणपती परत वरून छापू. अजून दोन तास आहेत.”

दस्तगीरमामा उठले, मशीनपाशी गेले, आणि दोन वाजले. म्हणजे लाईट गेली. दर मंगळवारी दोनला जायची ती सहाला यायची, इतकी नियमित की आम्ही घड्याळं लावायचो. कॉम्प्युटर गेला, मशीन गेलं, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

“उद्या नेतील की,” मामा अंधुक उजेडात म्हणाले.

“उद्या अमावस्या आहे,” आई म्हणाली. “पहिली पत्रिका दिवस मावळायच्या आत भैरोबापुढं जायला पाहिजे. आज नाही गेली, तर ते म्हणतील आडवं आलं.”

‘आडवं’ हा शब्द ऐकल्यावर माझं हसू संपलं. मला रणधीरशी लग्न करायचं होतं. फार करायचं होतं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी सहा वेळा दुरुस्ती करून दिली नसती. आणि ते सगळं माझ्या एका ‘हो’मुळं बुडायला निघालं होतं.

मार्ग आईनं काढला. ती उठली, देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन आली, परातीत कुंकू ओतलं, पाणी घालून कालवलं, आणि उदबत्त्यांचा पुडा फोडून काड्या आमच्या पुढ्यात टाकल्या.

“काढा,” ती म्हणाली.

“काय काढा?”

“गणपती. प्रत्येकावर एक. हातानं.”

“आणि विचारलं तर?” दादा म्हणाले.

“सांगा काहीतरी.”

दादांचा चेहरा उजळला. “सांगायचं, की आमच्या घराण्याची रीतच आहे. मुलीच्या पत्रिकेवर गणपती छापायचा नाही. घरच्यांनी हातानं काढायचा.”

“कुठलं घराणं?” आई म्हणाली. “आपल्या लग्नाची पत्रिका लग्नानंतर दोन दिवसांनी छापून आली होती.”

पण आम्ही बसलो. दाराजवळच्या उजेडात सतरंजी टाकली, चौघं चार कोपऱ्यांना, मधे कुंकवाची परात. पहिले दहा गणपती मी श्रद्धेनं काढले. पुढचे दहा घाईनं. तिसाव्यापर्यंत माझा गणपती म्हणजे एक गोल, त्यावर एक छोटा गोल आणि त्यातून निघालेली एक वेलांटी एवढाच उरला होता. आईचे सगळे गणपती तिच्या माहेरच्या माणसांसारखे दिसत होते, दोन तर हुबेहूब माझा सख्खा मामा. दादा प्रत्येकाला उंदीर काढत बसले होते.

“दादा, उंदीर नको! वेळ नाही!”

“उंदराशिवाय तो जाणार कशावरून?”

सगळ्यांत झकास गणपती दस्तगीरमामांचे होत होते. भराभर, एका रेषेत. छत्तीस वर्षं हजारो गणपती मशीनमधून काढलेला माणूस. तासाभरानं आईनं त्यांचा गठ्ठा कौतुकानं उचलला आणि किंचाळली.

“दस्तगीरभाऊ! सोंड उजवीकडं!”

आम्ही सगळे वाकलो. खरंच. दीडेकशे गणपती, आणि झाडून सगळे उजव्या सोंडेचे. मामा तरुणपणी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचे. तिथं सगळं उलटं बघायची सवय. हाताला तेच वळण लागलं होतं.

“मग काय झालं?” मामांनी विचारलं. “सोंड ती सोंड.”

“काय झालं? उजव्या सोंडेचा फार कडक असतो! त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं. दीडशे घरांत आपण दीडशे कडक गणपती पाठवायचे? लोक पत्रिका उघडायच्या आधी आंघोळ करतील का?”

दादांनी क्षणभर विचार केला. “हे लांबच्या पाहुण्यांना पाठवू,” ते म्हणाले.

मी सतरंजीवर आडवी झाले. मला श्वास घेता येईना. मामा हसायला लागले, त्यांच्यामुळं आई, आणि आईच्या हातून काडी उडून दादांच्या शर्टावर कुंकवाची लांब रेघ उमटली. त्या अवस्थेत आम्ही असताना बाहेर जीप थांबली.

तीन वाजले होते. चारला येतो म्हणणारा पोलीस तीनला येणार, हे आम्हाला कळायला हवं होतं.

आबा दारात उभे राहिले. मागं रणधीर. आबांनी सतरंजी बघितली, परात बघितली, दादांचा शर्ट बघितला. त्यांची नजर शर्टावर जरा जास्तच थांबली.

“कुंकू आहे,” दादा घाईघाईनं म्हणाले. “या, या, आबासाहेब. आमच्या घराण्याची रीत आहे. पत्रिकेवरचा गणपती आम्ही छापत नाही. घरच्यांनी हातानं काढायचा.”

आई छताकडं बघायला लागली. मी रणधीरला डोळ्यांनी खुणावत होते, की काहीतरी कर, यांना बाहेर ने.

“डोळ्यात काही गेलंय का?” रणधीरनं मोठ्यानं विचारलं.

आबांनी पायताण दाराशी काढलं, टोपी नीट केली आणि सतरंजीवर मांडी घातली. “मग वरपक्षाचाही हात लागू दे,” ते म्हणाले. “काडी द्या.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आईनं काडी दिली. आबांनी एक कोरी पत्रिका मांडीवर घेतली आणि काढायला लागले. आम्ही मिनिटाला दोन काढत होतो. त्यांनी एकाला दहा मिनिटं घेतली. जीभ दातांत धरलेली, मिशा थरथरतायत. मला आत कुठंतरी त्यांचं फार कौतुक वाटलं.

मग त्यांनी पत्रिका आमच्याकडं वळवली. “कसा झालाय?”

पोट चांगलं गोल होतं. सोंड मात्र पोटाच्या कडेतून निघून वर गेली होती. कान एकच होता आणि तो दुसऱ्या कडेला मुठीसारखा अडकवलेला. मुकुट चपटा, वर एक गुंडी.

“वा!” दादा म्हणाले. “काय तेज आहे चेहऱ्यावर.”

त्याला चेहरा नव्हता.

“लई भारी,” मामा म्हणाले आणि शाई पुसायचं फडकं तोंडावर धरून मशीनमागं गेले. रणधीर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. आईला एकाएकी खोकला झाला.

आबा माझ्याकडं वळले. “तू सांग गं. तुझं कामच हे हाय.”

मी गाल आतून चावले. दहावीचे गणिताचे मार्क आठवले. अमावस्या आठवली, भैरोबा आठवला. काही उपयोग झाला नाही.

“आबा,” मी म्हणाले, “चहाची किटली झालीय.”

आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी सगळं सांगत सुटले. रीतबीत काही नाही आबा, गणपती गेला होता, मीच घालवला. हमालानं विचारलं होतं, मी न वाचता हो म्हटलं. दादांनी न वाचता ओके केलं. गॅसच्या पावत्यांना गणपती आहे. लाईट गेली. तुम्हाला आडवं आल्यासारखं वाटेल म्हणून आम्ही खोटं बोललो. त्या तिकडच्या गठ्ठ्यात दीडशे उजव्या सोंडेचे आहेत, ते तुम्ही नेऊ नका.

सांगून झालं तेव्हा मी रडत होते.

आबा उठले. पायताण घातलं. हातातली पत्रिका सदऱ्याच्या खिशात ठेवली. “शामराव,” ते दादांना म्हणाले, “पोरीला जरा बाहेर पाठवा.” आणि जीपकडं चालू लागले.

मी बाहेर निघाले. रणधीर माझ्यामागं यायला निघाला, तर आबांनी मान न वळवताच “तू आतच थांब” म्हणून त्याला थोपवलं. जीपपाशी जाऊन ते बोनेटला टेकले. मी समोर उभी राहिले, कोपरापर्यंत कुंकवानं माखलेली.

“कौल किती वेळा लावला म्हणून सांगितलं होतं मी?” त्यांनी विचारलं.

“तीनदा. दोनदा डावा, एकदा उजवा.”

आबांनी आमच्या दाराकडं बघितलं. आत कुणी ऐकत नाही याची खात्री केली.

“नऊदा,” ते म्हणाले.

“नऊदा कौल?” मी विचारलं.

“आठ वेळा डावी पडली. म्हटलं कळी जड असंल. म्हटलं वारा असंल. पाचव्या वेळेला फुलं बदलली. आठव्यांदा डावी पडली तेव्हा भैरोबाला सांगितलं, तू असंच करणार असशील तर मी पण इथनं उठत न्हाई.”

“आणि नवव्यांदा?”

“नवव्यांदा गुरवाला भूक लागली होती. त्यानं उजवी कळी जरा कमीच भिजवली. मी बघितलं. छत्तीस वर्षं पोलिसात काढली, मला न दिसायला काय झालं? पण पंचनामा केला न्हाई.”

महिनाभर ज्यांना भिऊन मी मांजरं हाकलत होते, ते हेच.

“पण का?” मी विचारलं. “देव नाही म्हणत होता, तर का?”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. कुंकवाचं बोट तिथं उमटलं. “रणधीरची आई गेल्यापासनं आमच्या घरात कुणी जेवताना हसलं न्हवतं. चार वर्षं. आम्ही दोघं गडी भाकरी खायाचो आणि ताटं उचलायचो. मग हा तुमच्याकडं कार्ड छापायला यायला लागला, आणि घास हातात धरून एकटाच हसायला लागला. मी इचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, ती नको तिथं हसते, आबा.” त्यांनी बोनेटवरची धूळ पुसली. “आता देवाला काय कळतंय त्यातलं?”

मला त्या दिवशी नवऱ्यापेक्षा सासरा जास्त आवडला. हे मी रणधीरलाही सांगितलं आहे, त्याची काही तक्रार नाही.

“म्हणजे तुम्ही परत विचारणार नाही?” मी नाक पुसत म्हणाले. “आडवं आलं म्हणून?”

“परत इचारून दहाव्यांदा डावी पाडून घेऊ? येडी का खुळी.” ते बोनेटवरून उठले. “जा, हात धू, आणि राहिलेले काढा. मी पण बसतो. उजव्या सोंडेचे पण द्या, आमच्याकडं पोलिसांना लई पत्रिका जाणार हाईत, त्यांना कडकच पाहिजेत.”

मग त्यांनी खिशातून त्यांची पत्रिका काढली, हातभर लांब धरून बघितली, आणि पहिल्यांदाच ते मिशीतल्या मिशीत हसले.

“भैरोबाफुडं मात्र हीच ठेवणार,” ते म्हणाले.

“आबा, ही? किटली?”

“त्यानं मला आठ वेळा न्हाई म्हटलं. त्यानं एक किटली सोसायला काय हरकत हाय?”